फ्लक्स विरघळला म्हणजे निघाला नव्हे: सोल्डरिंगनंतर बोर्ड धुण्याची नीट पद्धत

सोल्डरिंग झालं, सर्किट बोर्ड चालूही झाला, आणि सांध्यांभोवतीचे पिवळट-तपकिरी डाग खुपायला लागले की बहुतेक जण कापसाचा बोळा आयपीएत, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, बुडवतात आणि बोर्डावरून चार हात फिरवतात. डाग जातो. पाच मिनिटांनी आयपीए उडून जातं आणि बोर्डभर पांढरट, पिठूळ थर उमटतो. आधी फ्लक्स, म्हणजे सोल्डर धरावं म्हणून वापरलेला पदार्थ, निदान सांध्यांपाशी होता. आता तो पातळ होऊन सगळीकडे पसरला आहे, आयसीच्या पायांमध्ये गेला आहे, स्विचच्या आत शिरला आहे.

चूक आयपीएची नसते. आयपीए फ्लक्स फक्त विरघळवतं. विरघळलेला फ्लक्स बोर्डावरून उचलून न्यायचं काम आपलं, आणि तेवढंच बहुतेक वेळा राहून जातं. पुढची सगळी कृती या उचलण्याभोवतीच आहे.

मागे नेमकं काय उरतं

कल्हईवाला कथील लावण्याआधी तापल्या भांड्यात नवसागर टाकतो. धातूवरचा ऑक्साइडचा थर गेला नाही तर कथील धरत नाही, म्हणून. सोल्डरिंगमध्ये फ्लक्स हेच काम करतो. फरक एवढाच, की कल्हईनंतर भांडं घासून धुतलं जातं आणि बोर्ड तसाच डब्यात बसतो.

इलेक्ट्रॉनिक्ससाठीच्या नेहमीच्या सोल्डरच्या तारेच्या पोटात राळ असते, पाइनसारख्या झाडांच्या चिकापासून बनवलेली. तिच्यात मुख्यतः ॲबिएटिक आम्ल असतं. थंड असताना राळ घट्ट, पाण्याला न जुमानणारी आणि जवळजवळ निष्क्रिय असते. तापली की वितळते आणि तिच्यातलं आम्ल ऑक्साइड खायला लागतं. एकट्या राळेचा जोर कमी पडतो, म्हणून तिच्यात थोडं ॲक्टिव्हेटर मिसळतात: सेंद्रिय आम्लं किंवा क्लोराइड-ब्रोमाइडची संयुगं. सांधा थंड झाला की राळ परत गोठते आणि उरलंसुरलं ॲक्टिव्हेटर स्वतःच्या पोटात कोंडून ठेवते.

राळ अल्कोहोलमध्ये विरघळते, पण ॲक्टिव्हेटरचे क्षार मुख्यतः पाण्यात विरघळतात. त्यामुळे आयपीएचा एकच ओझरता हात मारला की वरचं झाकण जातं आणि कोंडलेले क्षार उघडे पडतात. अर्धवट धुतलेला बोर्ड न धुतलेल्यापेक्षा वाईट, हे या कारणाने.

उघडे क्षार हवेतली ओल धरतात आणि दोन ट्रॅकमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या तांब्याच्या रेषांमध्ये, विजेची गळती सुरू होते. ही गळती किती? दोन पॅडमधला (सोल्डर बसतं त्या तांब्याच्या टिकल्यांमधला) रोध १०० मेगाओहमवर उतरला तर ५ व्होल्टला ५० नॅनोअँपिअर. एलईडी लुकलुकवणाऱ्या सर्किटला ती जाणवतही नाही. पण घड्याळाच्या आयसीला जोडलेला ३२.७६८ किलोहर्ट्झचा क्रिस्टल अत्यंत कमी शक्तीवर चालतो. त्याच्या दोन पायांमध्ये ओला फ्लक्स बसला तर घड्याळ चुकतं किंवा सुरूच होत नाही. पीएच (आम्लता) मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडचा स्वतःचाच रोध शंभर मेगाओहमच्या घरात असतो आणि एका पीएचला जेमतेम ५९ मिलिव्होल्ट मिळतात. तिथे अशी गळती आली की मापनाला काही अर्थच उरत नाही.

दुसरं नुकसान सावकाश होतं. ओल, क्षार आणि सतत लागलेला डीसी व्होल्टेज एकत्र आले की धातूचे आयन एका पॅडकडून दुसऱ्याकडे सरकतात आणि त्यांच्या बारीक फांद्या वाढून एक दिवस शॉर्ट होतो. क्लोराइड तर स्वतः संपतच नाही. ते सोल्डरमधल्या शिशाचं लेड क्लोराइड करतं, ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून त्याचं पांढरं लेड कार्बोनेट होतं, आणि सुटलेलं आम्ल पुन्हा शिशाकडे वळतं. उन्हाळ्यात सोल्डर करून 'ठीक आहे' म्हणून सोडलेला बोर्ड कोकणात जुलैमध्ये रुसतो, तो यामुळे.

आधी फ्लक्स ओळखा

रिळाच्या किंवा सिरिंजच्या लेबलवर चार अक्षरांचा संकेत असतो. पहिली दोन अक्षरं जात सांगतात: आरओ म्हणजे राळ, आरई म्हणजे कृत्रिम रेझिन, ओआर म्हणजे सेंद्रिय, बहुधा पाण्यात विरघळणारा, आयएन म्हणजे अकार्बनी. तिसरं अक्षर जोर सांगतं, एल कमी, एम मध्यम, एच जास्त. शेवटचा आकडा हॅलाइडचा, म्हणजे क्लोराइड-ब्रोमाइडसारख्यांचा: ० असेल तर जवळजवळ नाही, १ असेल तर आहे.

राळेचा फ्लक्स आयपीएने निघतो. सेंद्रिय फ्लक्स कोमट पाण्याने धुवायचा, आणि तो त्याच दिवशी, शक्यतो एक-दोन तासांत धुतलाच पाहिजे. तिथे सवड नाही. अकार्बनी फ्लक्स बोर्डाला लावायचाच नाही. बाजारात मिळणाऱ्या गोल डबीतल्या तुपकट पेस्टच्या घटकांत झिंक क्लोराइड दिसलं तर ती पत्र्याच्या आणि नळाच्या कामाची आहे असं समजा. डबीवर घटकच लिहिलेले नसतील तरी ती बाजूला ठेवा.

'नो-क्लीन', म्हणजे धुवायला नको, हे फ्लक्सचं नाव फसवं आहे. मशीनवर पूर्ण तापलेल्या नो-क्लीन फ्लक्सचा अवशेष कडक, पारदर्शक आणि निरुपद्रवी असतो, तो राहू द्या. पण हाताने काम करताना सिरिंजमधला फ्लक्सचा जेल सांध्याच्या बाहेर सेंटिमीटरभर पसरतो आणि तिथपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचतच नाही. न तापलेला जेल म्हणजे न वापरलेलं ॲक्टिव्हेटर. तो नो-क्लीन असला तरी काढा.

सामान

१० × १० सेंटिमीटरच्या, हाताने सोल्डर केलेल्या बोर्डासाठी ५० ते ६० मिली आयपीए लागतं. ९९ टक्क्यांचं घ्या. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्क्यांच्या द्रावणात उरलेलं पाणी असतं आणि पाण्याने राळ दह्यासारखी फुटून पांढरी होते. ९९ टक्क्यांची बाटलीही उघडी राहिली की हवेतली ओल ओढते. शंका असेल तर १० मिली आयपीएत अर्धा चमचा कोरडं मीठ घालून हलवा. ७० टक्क्यांचं असेल तर तळाशी पाण्याचा वेगळा थर बसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ सुटं आयपीए मिळतं, पण सीलबंद बाटलीच बरी.

सॅनिटायझर चालत नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते बोर्डावरच राहतं. थिनर आणि ॲसिटोन कनेक्टरचं आणि डिस्प्लेचं प्लास्टिक खातात. पेट्रोलचं नावही नको. जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या तोंडी अजून 'सीटीसी' येतं. ते म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, यकृताची वाट लावणारं, शिवाय मॉन्ट्रियल करारानुसार बंद झालेलं. कुणाच्या कपाटात जुनी बाटली असली तरी ती उघडू नका.

मऊ ते मध्यम केसांचा ब्रश घ्या. चपटा रंगाचा ब्रश घेऊन केस ८ ते १० मिलिमीटरवर कापले तर उत्तम काम होतं, कारण आखूड केस पायांच्या फटीत शिरून जोर लावतात. टूथब्रशही चालतो, पण प्लास्टिकचे केस कोरडे घासले की स्थिर वीज तयार होते, म्हणून तो नेहमी ओलाच फिरवायचा. धूळ-धागे न सोडणारे पुसणी-कागद किंवा अनेकदा धुतलेल्या जुन्या सुती कापडाचे तळहाताएवढे सात-आठ तुकडे ठेवा. कापूस नको, त्याचे तंतू प्रत्येक पायाला अडकतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डीआयनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी लिटरभर. घरच्या आरओ फिल्टरचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरलेले असतात. याशिवाय नायट्राइल हातमोजे, १० पटीचं भिंग आणि हवा मारायला रबरी फुगा.

धुण्याआधी

वीज काढा. नाण्यासारखा सेल काढा. मेन्सवर चालणारा बोर्ड असेल तर फिल्टरच्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टहून जास्त उरलेले असू शकतात. १० किलोओहम, ५ वॉटचा रोध इन्सुलेट केलेल्या तारांनी त्याच्या पायांवर टेकवून तो रिकामा करा आणि मीटरने खात्री करा.

सोल्डरिंग इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) आणि हॉट एअर गन बंद करा आणि पूर्ण थंड होऊ द्या. आयपीएची वाफ १२ अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी होते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने. ती हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून खाली वाहत जाते. खिडकी उघडी हवी, आणि घरात काम करत असाल तर देव्हाऱ्यातली समई आणि उदबत्तीसुद्धा त्या खोलीत नको.

आता बोर्डावर काय भिजू द्यायचं नाही ते पाहा. मायक्रोफोन, आर्द्रतेचे आणि दाबाचे सेन्सर, उघडे रिले, सील नसलेले ट्रिमर आणि डीआयपी स्विच, डिस्प्ले, कॅमेरा. यांच्यावर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी पिवळी टेप) चिकटवा, किंवा ते धुऊन झाल्यावरच बसवा. दुसरा मार्ग केव्हाही चांगला. बझरवर छोटा गोल कागद चिकटवलेला येतो. तो धुताना भोकातून पाणी जाऊ नये म्हणूनच असतो, तेव्हा आधी काढू नका. दाबायच्या छोट्या बटणांपाशी विशेष जपा. फ्लक्स मिसळलेलं आयपीए आत शिरतं, आयपीए उडून जातं, राळ संपर्कावर बसते, आणि बटण दहा वेळा दाबल्यावर एकदा लागतं.

धुणं

सोल्डरिंगनंतर जितक्या लवकर धुवाल तितकं सोपं. राळ हवेने आणि उष्णतेने हळूहळू कडक होते. आठवड्याने बराच जास्त वेळ लागतो. बोर्ड हाताला कोमट लागेल इतपत, साधारण ४० अंशांवर असेल तर उत्तम.

बोर्ड ट्रेमध्ये ४५ अंशांवर तिरका उभा करा, सांध्यांची बाजू वर. १५ ते २० मिली आयपीए वरच्या कडेवरून सोडा आणि एक-दोन मिनिटं भिजू द्या. मध्ये सुकायला लागलं तर आणखी थोडं सोडा. मग ब्रश वरून खाली चालवा. गोल गोल फिरवला तर फ्लक्स तिथेच घोळत राहतो. खाली ओघळणारा पिवळा द्रव ट्रेमध्ये जाऊ द्या.

यानंतरची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. बोर्ड ओला असतानाच आडवा ठेवा आणि त्यावर कोरड्या सुती कापडाचा तुकडा पसरा. आयपीएत भिजवलेला ब्रश कापडावरूनच ठोकत, दाबत न्या. सांध्यांची टोकं खालून उमटतात आणि प्रत्येक टोकाभोवती कापडावर पिवळसर गोल ठसा उठतो, जुन्या पानाला पडलेल्या चहाच्या डागासारखा. कापड सरळ वर उचला, ओढू नका. विरघळलेला फ्लक्स बोर्ड सोडून कापडात गेला. दुसरा कोरा तुकडा पसरा आणि पुन्हा तेच करा. दुसऱ्या खेपेला ठसे फिकट येतात, तिसऱ्या-चौथ्या खेपेला कापड पांढरंच निघतं. कापड पांढरं निघालं की मगच थांबायचं. बोर्ड चकचकीत दिसतो म्हणून आधी थांबू नका.

मग तिरका धरून स्वच्छ आयपीएचा १० ते १५ मिलीचा शेवटचा हात द्या, आणि तो सुकायच्या आत फुग्याने एकाच दिशेने कडेकडे पिटाळा. हे आयपीए थेट बाटलीतून घ्या, ज्या वाटीत ब्रश बुडवला तिच्यातलं नको. ब्रश बुडवलेली वाटी म्हणजे फ्लक्सचं पातळ द्रावण. शेवटी तेच फासलं तर सगळी मेहनत वाया जाते.

उलटी बाजू विसरू नका. भोकांतून फ्लक्स पलीकडे जातोच.

साधी राळ आणि साधं सर्किट असेल तर इथे काम झालं. क्रिस्टल, सेन्सर, उच्च रोधाचे ॲम्प्लिफायर असतील, किंवा फ्लक्सच्या संकेतात शेवटी १ असेल, तर क्षारांसाठी पाणीही हवं. मात्र राळ पूर्ण गेल्यावरच, नाहीतर पांढरा थर येणार. ४० ते ५० अंशांचं डीआयनाइज्ड पाणी २०० मिली, त्याच ब्रशने पण नीट धुऊन, मिनिटभर. मग १०० मिली ताज्या पाण्याची धार, आणि शेवटी आयपीएचा एक हात, म्हणजे उरलेलं पाणी त्याच्याबरोबर निघून जातं. सेंद्रिय फ्लक्सला राळेची पायरी वगळून थेट ५० ते ६० अंशांच्या पाण्याने सुरुवात करायची आणि तीनदा पाणी बदलायचं.

पोटाखाली पॅड असलेल्या सपाट आयसींचं दुखणं वेगळं आहे. बोर्ड आणि आयसीत फट असते केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहून कमी. तिथे ब्रश जात नाही आणि तिथला फ्लक्स धड तापलेलाही नसतो. आयसीच्या एका कडेला आयपीए सोडा, पाच मिनिटं भिजू द्या, मग त्याच कडेने फुग्याची हवा मारून समोरच्या कडेला कापड धरा. असं चार-पाच वेळा, कापडाला पिवळा रंग येणं थांबेपर्यंत. म्हणूनच अशा आयसीखाली जेल मुळात मोहरीएवढाच लावावा.

अल्ट्रासॉनिक (ध्वनिकंपनांनी धुणारी) टाकी असेल तर तिच्यात आयपीए ओतू नका, आग लागू शकते. बोर्ड धुण्यासाठीचं पाण्यात मिसळायचं अल्कधर्मी द्रावण वापरा. ते राळेचा चक्क साबण करतं आणि साबण पाण्याबरोबर जातो. ५० अंशांवर तीन ते पाच मिनिटं पुरे, मग डीआयनाइज्ड पाण्याने दोनदा धुवा. मात्र बहुतेक टाक्या ४० किलोहर्ट्झच्या आसपास चालतात, आणि घड्याळाचे क्रिस्टल आणि जायरोस्कोप त्या कंपनाने फुटू शकतात. असे भाग बोर्डावर असतील तर हातानेच धुवा.

सुकवणं

दिसायला कोरडा म्हणजे कोरडा नव्हे. फुग्याने कनेक्टर, आयसीचे पाय, कपॅसिटरचे बूड यांतला द्रव हुसकून काढा, मग ५० ते ६० अंशांच्या हवेत किमान अर्धा तास ठेवा. पाण्याने धुतला असेल तर दोन तास. हेअर ड्रायर मंद ठेवून हातभर अंतरावरून चालतो, पण आयपीएची वाफ पूर्ण गेल्यावरच सुरू करा. पावसाळ्यात नुसतं पंख्याखाली ठेवून भागत नाही. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर रात्रभर ठेवणं हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय.

तपासणी, आणि काय बिघडतं

दिवा बाजूने, जवळजवळ बोर्डाला समांतर धरा आणि भिंगातून पाहा. वरून पडणाऱ्या प्रकाशात लपणारा थर तिरक्या प्रकाशात लगेच उठून दिसतो. लाकडी टूथपिक सांध्यालगत ओढा. टोकाला पांढरी भुकटी किंवा चिकट काही आलं तर काम बाकी आहे. बोट लावून पाहू नका, घामातलं मीठही क्षारच.

मग वीज न जोडता मल्टिमीटर २० मेगाओहमवर ठेवा आणि सर्किटमध्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या, पण शेजारी असलेल्या दोन पॅडवर पिना टेकवा. ओएल, म्हणजे रोध मीटरच्या मापाबाहेर आहे ही खूण, यायला हवं. आता बोर्डावर तोंडाची वाफ सोडा, चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी. स्वच्छ बोर्डावर ओएल ढळत नाही, किंवा ढळलं तरी दोन-चार सेकंदांत परत येतं. आकडा दिसायला लागला आणि तिथेच रेंगाळला, तर क्षार आहेत. ही ढोबळ कसोटी आहे, पण पावसाळ्यात काय होणार ते ती आजच दाखवते.

पांढरा थर आला तर आधी ताज्या आयपीएने कापडाची कृती पुन्हा करा. गेला, म्हणजे ती राळ होती. नाही गेला तर कोमट डीआयनाइज्ड पाण्याने धुवा; आता गेला तर क्षार होते. दोन्हींनी हलला नाही आणि सांधा स्वतःच मंद, खरबरीत झाला असेल तर शिशाची झीज सुरू झाली आहे: जुनं सोल्डर काढा, पॅड साफ करा, नव्याने सांधा. हिरवा रंग पाहून लगेच घाबरू नका. तांबं आणि राळ मिळून पारदर्शक हिरवट रंग येतो आणि तो निरुपद्रवी असतो. भुकटीसारखा निळसर-हिरवा पुंजका दिसला तर मात्र तो गंज.

तपकिरी-काळा करपलेला फ्लक्स आयपीए सोडवत नाही. तो दहा मिनिटं भिजवून टूथपिकने हलक्या हाताने खरवडावा लागतो, धातूच्या टोकाने नाही, नाहीतर हिरवा मास्क, म्हणजे बोर्डावरचा संरक्षक थर, निघतो. असा फ्लक्स पुन्हा पुन्हा दिसत असेल तर दोष धुण्यात नाही, इस्त्रीत आहे: शिसं असलेल्या सोल्डरच्या तारेला ३२० ते ३५० अंश आणि सांध्याला दोन-तीन सेकंद एवढंच लागतं.

कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे बोर्डावर ओलीपासून बचावाचा पातळ लेप, द्यायचं असेल तर या सगळ्या कसोट्यांवर बोर्ड उतरल्याशिवाय देऊ नका. खाली क्षार राहिले तर ओल कोटिंगमधून झिरपून तिथे जमते, फोड येतात, आणि नंतर ते धुण्याची सोयही उरत नाही.

वापरलेलं आयपीए मोरीत ओतू नका, त्यात शिसं असू शकतं. वेगळ्या, चिठ्ठी लावलेल्या घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवा आणि घातक कचऱ्यात द्या. कापडाचे तुकडे घराबाहेर, विस्तवापासून लांब पूर्ण सुकवून वेगळ्या पिशवीत बांधा. हातमोजे काढल्यावर जेवायच्या आधी हात साबणाने धुवा. आणि बझरवरचा तो गोल कागद आता काढा, नाहीतर आवाज बारीक येतो म्हणून बझरच बदलला जाईल.